ब्रेकचं झालं का

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला, वर्षभराच्या चुका आठवायला, डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःलासुद्धा धड शब्दांत सांगितलेलं नाही. त्या दिवशी आहुप्याच्या पठारावरून खाली येताना माझ्या मित्राने गाडी न्यूट्रल केलेली नव्हती. गाडी गिअरमध्ये होती. मी खाली उतरून वाटेच्या कडेला उभा होतो आणि गिअरने धरलेल्या इंजिनाचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. ब्रेक गेले ते माझ्या हातच्या कामामुळे, आणि ते काम अर्धवट आहे हे मला माहीत होतं.

घोडेगावात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पत्रे, बिजागऱ्या, कुलपं, नटबोल्ट. आम्ही जैन. पणजोबा राजस्थानातून आले, मंचरला काही वर्षं काढली आणि मग इथे बसले ते बसलेच. आता घरात मारवाडी उरली आहे ती फक्त आईच्या रागात. वडील मला लहानपणापासून म्हणायचे, एकदा तुला आपलं गाव दाखवतो. दिवाळी झाली की, लग्नसराई उरकली की, पावसाळ्यातली पत्र्यांची घाई संपली की. ते गेले दुकानातल्या बाकावर, दुपारच्या झोपेत. मी गिऱ्हाइकाला कडी-कोयंडा दाखवत होतो आणि मागे ते गेलेले होते. गिऱ्हाईक कोयंडा घेऊनच गेलं, म्हणजे बघा.

त्यानंतर त्याच बाकावर मी बसायला लागलो आणि मला काहीतरी झालं. काय झालं ते नीट सांगता येत नाही. भूक लागायची नाही. शटर वर करताना हात जड व्हायचे. बाकावर टेकलो की वाटायचं, आता इथून उठायचं ते चौघांच्या खांद्यावर. फोनवर मी एकच गोष्ट बघत बसायचो. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपली गाडी उंच करतात, मागे पलंग बांधतात, पाण्याचा ड्रम ठेवतात आणि रस्ता संपतो तिथून पुढे जातात. महिनोन्महिने जातात. त्यांच्याकडे चारी चाकांना जोर असलेल्या गाड्या. त्या आपल्या आवाक्यातल्या नाहीत. पण एकाने दाखवलं होतं की मागच्या दोनच चाकांना जोर असलेली साधी पिकअप उंच केली, जमिनीपासून तिचं पोट सुटलं, तर तीही पुष्कळ ठिकाणी जाते. थोडक्या खर्चात, घरच्या घरी. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल, मोजलेलं नाही. मारवाडातलं ते गाव, आडवाटांनी, गाडीतच झोपत जायचं. बस्स, एवढंच डोक्यात.

पिकअप माझी नव्हती. ती माझ्या मित्राची.

तो महाळुंगे पडवळचा. शाळेपासूनचा. कांदा आणि टोमॅटो करणारं घर. तो गाडी कशी चालवायचा हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे जे गेलं ते हेच. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात गाड्यांची अशी कोंडी होते की आत शिरलेला बाहेर निघत नाही. तिथे अनोळखी लोक त्याला हाक मारायचे, "भाऊ, एवढी मागं घेऊन द्या की." हा स्वतःची गाडी सोडून दुसऱ्याच्या गाडीत बसायचा, आरशात न बघता, नुसता कोपर बाहेर काढून गाडी मागे घ्यायचा. खाली उतरून किल्ली परत करताना कोणाकडे बघायचासुद्धा नाही. त्याला ते आवडायचं. वहिनींना म्हणजे त्याच्या बायकोलाही आवडायचं, त्या बोलून दाखवायच्या नाहीत एवढंच.

मी त्याला व्हिडिओ दाखवला तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसून शेंगा खात होता.

"शेठ, गाडी उचलून काय व्हनार?"

"दगडाला पोट आपटणार नाही."

"गाडीचं न्हाई आपटनार. माझं आपटंल त्याचं काय? उंटावर बसल्यागत व्हईल."

"राजस्थानातच जायचंय."

"मग उंटच घे की. डिझेल लागत न्हाई." मग शेंगेचं टरफल फुंकून म्हणाला, "तू माझा कांदा खात न्हाईस, पर डोकं रोज खातोस."

कित्येक दिवस तो नाही म्हणत राहिला. एकदा दुपारी आला, मी बाकावर होतो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मी विचारलं, काय रे. तर म्हणाला, "तुझ्याकडं बघून मला भ्या वाटाया लागलंय, राव. तुझा बाप बसायचा तसा बसतोस. चल, करू काय करायचं ते." टोमॅटोची रोपं लावायच्या आधी त्याला काही दिवस मोकळे मिळायचे. त्या दिवसांत जायचं ठरलं. गाडी उंच करायची ती माझ्यासाठी ठरली, त्याला कुठेही जायचं नव्हतं. हे मी विसरू शकत नाही.

आमच्या भागात गाडी उचलणं नवं नाही. हंगाम आला की पिकअपवाले मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक-दोन पाटे वाढवतात, म्हणजे क्रेट जास्त बसतात. रिकामी असताना त्या गाड्या मागून वर उचललेल्या दिसतात, वाकून ढेकळं उकरणाऱ्या कोंबडीसारख्या. भरल्या की परत खाली बसतात. आम्ही त्याच्या पुढे गेलो. जुन्नरच्या एका भंगारवाल्याकडून जुने पाटे आणले. एक्सल आणि पाटे यांच्या मध्ये बसवायला लोखंडी गुटके मी माझ्याच ओळखीत कापून घेतले. सगळं बांधून धरायला लांब यू-बोल्ट माझ्या दुकानातले. पुढच्या चाकांना पिळाची दांडी असते, तिचा नट आवळला की गाडीचं नाक वर येतं, ते त्याने केलं. दुकानाच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघंच. तो गाडीखाली पाठीवर पडलेला आणि मी पाना देणारा. खरं सांगतो, वडील गेल्यानंतर मला पहिल्यांदा भूक लागली ती तिथे.

"पाट्यांचं मी बघतो," तो म्हणाला. "ब्रेकचं तू बघ. तुझं हात बारीक हायेत. खिळं मोजून मोजून झालेत तसे."

मागच्या चाकांच्या ब्रेकचं ऑइल एका रबरी पाइपातून जातं. एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. चासी वर गेली, एक्सल खालीच राहिलं, की तो पाइप ताणतो. हे मला माहीत होतं. त्या व्हिडिओतला माणूस त्या पाइपाबद्दल बराच वेळ बोलतो. लांब पाइप घालायचा, तो कशाला घासत नाही ना हे चाक पूर्ण खाली लोंबवून, पूर्ण वर दाबून बघायचं. तो भाग मी दर वेळी पुढे ढकलायचो, कारण त्यात मजा नव्हती. पण ढकलण्याआधी एकदा पूर्ण ऐकला होता.

लांब पाइप मी पुण्याहून मागवला. तो आला नाही. दुकानदार म्हणाला दोन-चार दिवसांत येईल, मग म्हणाला पुढच्या आठवड्यात. इकडे माझ्या मित्राची रोपं तयार होत आली होती. तो एकदा सहज म्हणाला, "न्हाई जमलं यंदा तर फुडच्या वर्षी जाऊ." सहजच म्हणाला. माझ्या छातीत मात्र कोणीतरी शटर ओढल्यासारखं झालं. पुढचं वर्ष, दिवाळी झाली की, लग्नसराई उरकली की. मला वडिलांचा आवाज ऐकू आला.

मग मी काय केलं ते सांगतो. पाइप चासीला जिथे क्लिपने धरलेला असतो ती क्लिप काढली. क्लिप काढल्यावर तेवढी ढील मिळाली, पाइप ताणलेला दिसेना. पण तो आता मोकळा लोंबत होता आणि यू-बोल्टची टोकं त्याच्या अगदी जवळ होती. मी आणलेले यू-बोल्ट गरजेपेक्षा लांब होते. नटाच्या खाली आट्यांचे लांब दांडे उरले होते, कानशीसारखे धारदार. ते कापायला हवे होते. मी कापले नाहीत. मी मनाशी म्हणालो, या तालुक्यात पाटे वाढवलेल्या एवढ्या गाड्या फिरतात, कोणाचा पाइप तुटला? आता कळतं, त्या गाड्या ओझ्याने खाली बसतात, म्हणून तुटत नाही. आमची उंचच राहणार होती. त्या वेळीही कळत होतंच. कळत नव्हतं असं लिहिलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, आधी आहुप्यापर्यंत जाऊन बघू, परत आलो की लांब पाइप आलेला असेल, बदलू.

तो गाडीखालून बाहेर आला, पाठीची माती झाडत. "ब्रेकचं झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

त्याने खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. मी झालं म्हटलं म्हणजे झालं.

डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेने वर जाताना तो हसत होता. गाडी खरंच उंटासारखी डुलत होती. वर पठारावर आम्ही डांबर सोडलं, कच्च्या वाटेला लागलो. एरवी जिथे पिकअपचं पोट टेकलं असतं अशा दगडांवरून ती अलगद गेली. कड्याच्या अलीकडे गाडी लावून आम्ही स्टोव्हवर चहा केला. खाली कोकण धुरकट दिसत होतं. तो मागच्या फळीवर पाय सोडून बसला आणि म्हणाला, "शेठ, तुझं गाव हितंच हाय असं समज अन् चल परत. मला रोपं लावायचीत." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात निघायचं, ठरलंय. तो म्हणाला, "ठरलंय तर ठरलंय. वहिनीला मात्र तू सांगायचं." वहिनी म्हणजे त्याचीच बायको. आपल्या बायकोला माझ्यापुढे तो वहिनीच म्हणायचा, घाबरतो असं दाखवायला.

परतताना त्याला आडवाट उतरून बघायची होती. गाडी कशी उतरते ते कळायला हवं, तो म्हणाला, राजस्थानात जायच्या आधी. उतार दगडगोट्यांचा, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला उतरण आणि हिरड्याची झाडं. मध्ये पाण्याने कापलेला खोल चर होता. त्यात चाक कसं घालायचं हे सांगायला मी उतरलो. मी पुढे जाऊन उभा राहिलो. हात वर केला. तो हळूहळू येऊ लागला. इंजिन घूं घूं करत गाडी धरून होतं. गिअरमध्ये. दुसऱ्यात असावी.

चाक चरात उतरलं तसं मागचं एक्सल एका अंगाने पूर्ण खाली लोंबलं. मग मला त्याचा चेहरा दिसला. त्याने काय झालं असं विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. पाय पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मागचे ब्रेक गेले होते. पुढची चाकं एकटीच धरली गेली, आणि गोट्यांवर धरलेली चाकं वळत नाहीत, घसरतात. हँडब्रेक त्या गाडीला नावापुरता होता. त्याने गिअर खाली ओढला, पहिल्यात घालायला. गिअर पडला नाही, मधेच राहिला. इंजिनाचा आवाज एकदम सुटा झाला. गाडी माझ्या बाजूने गेली, इतक्या जवळून की तिचा वारा लागला, आणि हिरड्याच्या एका जुन्या खोडावर दरवाजाच्या अंगाने आदळली.

तो ओरडला नाही. मी ओरडलो.

उतारावर बाळहिरडा वेचणारी माणसं होती, ती धावत आली. दरवाजा आत दबला होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली त्यात अडकला होता. पहारीने दरवाजा उचकटला, त्याला बाहेर काढला, घोंगडीची झोळी केली. तो शुद्धीवर नव्हता. आणि मी, ते झोळी बांधत असताना, चरापाशी गेलो. दगडांवर ब्रेक ऑइलची ओली रेघ होती. खाली गाडीच्या मागच्या चाकापाशी पाइप लोंबत होता, घासून फाटलेला, यू-बोल्टच्या टोकाशी. मी पायाने त्या रेघेवर माती लोटली. हे त्याला बाहेर काढायच्या आधी केलं की नंतर, याबद्दल मी कधी कधी गोंधळतो. नंतर केलं असं वर लिहिलंय. तसंच असू दे अशी माझी इच्छा आहे.

त्यांच्यातल्या एकाने केबिनमध्ये डोकावून गिअरची दांडी हलवून बघितली. "सुटलेला हाय. न्यूट्रलवर सोडली व्हती काय, पावणं? उतारावर डिझेल वाचवाया सोडत्यात लोक."

मी म्हणालो, "असेल."

मंचरला नेलं, तिथून पुण्याला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डोक्याला मार होता, त्यामुळे शेवटच्या उताराचं त्याला काहीच आठवत नव्हतं. चहापर्यंतचं आठवायचं, पुढे कोरं. शुद्धीवर आला तेव्हा वहिनी उशाशी होत्या. रडून संपल्या होत्या आणि आता चिडल्या होत्या. "न्यूट्रल केली व्हती तुमी. किती डाव सांगितलं, उतारावर डिझेल वाचवू नका. किती वाचलं? सांगा ना, किती वाचलं?" त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "व्हय रं शेठ?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. त्याने त्याचं उत्तर त्यात वाचून घेतलं.

गाडी मीच वरून खाली आणवली. दरवाजा बदलला, गुटके काढले, पाटे उतरवले, ती पूर्वीसारखी केली. लांब पाइप तोवर आला होता, पण आता त्याची गरज नव्हती. साध्या लांबीचा नवा बसवला. फाटलेला जुना पाइप भंगारात टाकला. तो इतर भंगारात मिसळून गेला. दवाखान्याच्या खेपा मी केल्या. कृत्रिम पाय बसवायला मी घेऊन गेलो. गावात लोक म्हणतात, मैत्री असावी तर अशी. वहिनी म्हणतात, भाऊजी, तुमी नसता तर आमचं काय झालं असतं. असं कोणी म्हणालं की मला घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटते.

त्याचा पाय गेला हे एक. पण त्याचं दुसरं काहीतरी गेलं, ते पायापेक्षा मोठं होतं, आणि ते माझ्या एका शब्दाने परत मिळण्यासारखं आहे. घरात त्याचं वजन राहिलं नाही. शेतात पाणी कधी सोडायचं यावरून बोलला तरी वहिनी म्हणतात, "तुमचं ऐकलं की काय व्हतं ते बघितलं." त्या वाईट नाहीत. त्यांची भीती तशी बाहेर पडते. तो हसून घेतो. बाजारात कोणी विचारलं की स्वतःच सांगतो, "डिझेल वाचवलं अन् पाय खर्च केला." लोक हसतात. आधी तो सांगताना डोळ्यांत बघायचा, आता जमिनीकडे बघतो. त्याला खरंच वाटतं की त्याने न्यूट्रल केली. त्याला ते आठवत नाही, तरी वाटतं. कधी कधी मला म्हणतो, "मी असं कसं केलं असंल रं? मी तर कवा करत नव्हतो." आणि मी म्हणतो, जाऊ दे.

त्याची मुलगी आता लायसन काढून बसली आहे. घरची गाडी नारायणगावला तीच नेणार, दुसरं कोण नेणार. ती बापाला म्हणते, शेजारी बसा, मागं कशी घ्यायची ते शिकवा. तो बसत नाही. मी तिथे असताना एकदा ती हट्टाला पेटली. तो म्हणाला, "माझ्याकडून शिकशील तर माझ्यासारखीच व्हशील. काकाच्या दुकानाशेजारी ड्रायव्हिंग शाळा हाय, तिथं जा." मग उठून, कुबडी घेऊन, गोठ्याकडे गेला. गोठ्यात काही काम नव्हतं.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"काका, तुम्ही तिथं होता ना?"

"होतो."

"पप्पांनी खरंच न्यूट्रल केली होती?"

तिचा चेहरा बापासारखा आहे. विचारताना ती भांडत नव्हती, आशेने विचारत होती. तिला वाटत होतं की काका काहीतरी वेगळं सांगतील आणि ती ते धावत गोठ्यात नेईल. माझ्या तोंडात ते वाक्य अख्खं तयार होतं.

"मी लांब होतो गं," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

त्या दिवशी मी गाडी काढून घोडेगावला जाण्याऐवजी पुढे निरगुडसरच्या रस्त्याला लागलो, उगाच. रस्त्याकडेला थांबलो. आपण आता पुन्हा बाकावर बसलेलो आहोत, असं वाटलं. फक्त या वेळी बाकावर मी त्यालाही बसवलंय, आणि तो माझ्यासारखा उठून कुठे निघूही शकत नाही.

आमच्यात भाद्रपदात संवत्सरी असते. मनाने, वाणीने, कायेने, जाणता-अजाणता जे काही दुखावलं असेल त्याची सगळ्यांकडे क्षमा मागायची. मिच्छामि दुक्कडम्. मी दर वर्षी त्याच्याकडे जातो. त्याच्या ओट्यावर हात जोडतो, तो दर वर्षी म्हणतो, "दिलं माफ, शेठ. बस, चहा घे. उपास सुटला ना?" दर वर्षी मी चहा घेतो. आमची ही रीत चांगली आहे, मी तिच्याबद्दल वाकडं बोलत नाही. पण कशाबद्दल ते न सांगता क्षमा मागता येते, आणि मी तिच्याआड लपलो. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडून माफी घेऊन आलो, ज्याची माफी हवी ते त्याला दाखवलंच नाही.

यंदा मी ठरवून गेलो. प्रतिक्रमणाला बसलो तेव्हाच ठरवलं. ओट्यावर तो भुईमुगाच्या शेंगा निवडत होता. वहिनी आत होत्या, मुलगी अंगणात गाडी पुसत होती. मी हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्."

"दिलं माफ. बस."

"नाही. यंदा कशाबद्दल ते मला सांगायचंय."

त्याने शेंग खाली ठेवली. मग त्याचं ते जुनं हसू, जे मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, चेहऱ्यावर आलं. "नको सांगू, राव. सांगितलंस तर मला इचार करावा लागंल, माफ करायचं का न्हाई. खिळं कमी दिलं असशील कवातरी. दिलं माफ. तुझ्या बापानं पन दिलं असतील, त्याला बी माफ."

आतून वहिनी हसल्या. मुलगीही हसली. तो खूश झाला, घरातली सगळी त्याच्या बोलण्यावर हसली, असं आता क्वचित होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मीही हसलो. चहा आला. मी तो प्यायलो. त्यात साखर जास्त होती, वहिनींना माहीत आहे मला गोड लागतो.

निघताना मुलीने गाडी चालू केली, मागे घ्यायला. अंगण अरुंद आहे, एका बाजूला पाण्याची टाकी. ती आरशात बघत होती, घाबरून थोडी थोडी घेत होती. तो ओट्यावर बसला होता, टाकीकडे तोंड करून, गाडीकडे पाठ करून. पण गाडीचा आवाज ऐकून त्याचा डावा पाय जमिनीवर दाबला जात होता. क्लच. सोड, धर, सोड. मी ते बघितलं आणि फाटकाबाहेर आलो.

हे मी लिहून काढतोय. तो वाचत नाही, पण मुलगी वाचते, आणि छापून आलं तर तिच्या हातात पडेल. तिला हे कागदावरून कळलं तर मी पुन्हा लपलो असं होईल, म्हणून हे छापायला जाण्याआधी मला महाळुंग्याला जायचं आहे. आज सकाळी शटर उघडलं, बाकावर बसलो, आणि अजून गेलेलो नाही.

त्याच्या ओट्यावर, वहिनी आणि मुलगी ऐकत असताना, मला त्याला एवढं सांगायचं बाकी आहे: गाडी गिअरमध्ये होती. तू काही चुकला नाहीस. ब्रेकचं काम मी अर्धवट सोडलं होतं आणि तुला झालं म्हणून सांगितलं.